वरचे दात नसलेला घोडा

आमच्या मोठ्या भाऊजींचा प्राण्यांवर फार जीव होता. फक्त ते प्राणी मेलेले पाहिजेत, वाळलेले पाहिजेत आणि काचेच्या पलीकडं पाहिजेत. जिवंत मांजर ओट्यावर आलं की ह्यांच्या हातात चप्पल.

भाऊजींचं नाव श्रीधरपंत. माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. त्यांचा विषय म्हणजे पाठीत कणा असलेली जनावरं. मासा, बेडूक, सरडा, कबूतर, ससा, एकेकाचं हाड घ्यायचं, दुसऱ्याच्या हाडाशी ताडून बघायचं आणि कोण कोणाचा सोयरा, कोण कोणाच्या वरचा, हे ठरवायचं. हे काम त्यांना जमायचं, आणि का जमू नये? आमच्या सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली. पणजोबा पंगतीला कोण वर बसणार, कोण खाली, कोण पडवीत आणि कोणाला बाहेरूनच पत्रावळ, हे ठरवायचे. भाऊजींनी माणसं सोडून जनावरं धरली, एवढीच काय ती घराण्याची प्रगती. कॉलेजातल्या हाडांच्या खोलीत त्यांनी ओळीनं कपाटं लावली होती. दाराशी मासे, मग बेडूक, मग सरपटणारे, मग पक्षी, मग दूध पाजणारे, आणि सगळ्यात शेवटी, खिडकीच्या उजेडात, त्यांची स्वतःची खुर्ची.

हे सांगतेय ते बहात्तरच्या दुष्काळातलं. तेव्हा औरंगाबादेत जालना रोडच्या अंगाला नवी वसाहत झाली होती, तिथं आम्ही राहायला आलो. शहर नुसतं सुटलं होतं. चिकलठाण्याकडं कारखान्यांच्या भिंती, इकडं घरांच्या रांगा, जिकडं बघावं तिकडं जमिनीवर चुन्याच्या रेघा. घरोघर नळ बसवून झाले होते, पितळी, चकचकीत. पाणी तेवढं नव्हतं. हर्सूलचा तलाव असा आटला होता की मासे म्हणे रांगेनं चालत तिथल्या जेलच्या दाराशी आले आणि जेलरला म्हणाले, आत घ्या, आत निदान दोन वेळचं पाणी तरी देतात. मी स्वतः पाहिलं नाही, पण ज्यानं पाहिलं त्याच्या मावशीला मी ओळखते.

घरात माणसं थोडीच. माझा नवरा पैठणकडं दुष्काळी कामावर मजुरांच्या हजेऱ्या लिहायला, तो रविवारी उगवायचा. मोठ्या जाऊबाईंना मार्चातच कळलं की आपल्या आईची तब्येत बरी नाही. आई नाशकाकडची, आणि त्यांच्या विहिरीला बारमाही पाणी, हा आपला योगायोग. राहिलो आम्ही. भाऊजी, धाकटी नणंद नीरजा, मी आणि माझा हिमांशू, चार महिन्यांचा.

टँकर दिवसाआड कोपऱ्यावर यायचा. मी पोराला झोळीत टाकून, हंडा-कळशी घेऊन रांगेत. मिळेल ते पाणी आणायचं, रांजणात ओतायचं, वर फडकं बांधायचं. प्यायचं, स्वयंपाकाचं आणि भाऊजींच्या आंघोळीचं, एवढ्यात रांजण खडखडीत.

भाऊजींची आंघोळ म्हणजे सकाळची नव्हे. सकाळची तर होतीच. ही संध्याकाळची. दिवसभर हाडांच्या खोलीत बसून आले, म्हणजे विटाळ झाला. दारातूनच ओरडायचे, "पाणी काढा." मग भरलेलं घंगाळ आणि वर एक बादली, न्हाणीत नेऊन ठेवायचं. ते मंत्र म्हणत डोक्यावरून ओतायचे, आणि मी बाहेर पोराचे लंगोट तांदूळ धुतलेल्या पाण्यात खळबळायची. त्या कांजीनं लंगोट असे कडक व्हायचे की भिंतीला टेकवले तर उभे राहायचे. पोराच्या मांड्या सोलवटून लाल झाल्या होत्या. रडून रडून त्याचा आवाज बसला होता.

त्या काळी थोरल्या दिराशी सुनेनं थेट बोलायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. मग मी हिमांशूला बोलायची आणि भाऊजी ऐकायचे.

"हिमांशू," मी म्हणलं, "काकांना विचार बाळ, तुमच्या आंघोळीचं पाणी न्हाणीतून बाहेर जातं, तिथं पातेलं लावलं तर चालेल का? तुझे कपडे निघतील त्यात."

आतून आवाज आला, "त्याला सांगा, ते पाणी ओवळं आहे. हाडांचा विटाळ धुतलेलं पाणी लेकराच्या अंगाला लागता कामा नये. मोरीतच जाऊ द्या."

"पण हिमांशू, नीरजाआत्या तर म्हणते काका हाडाला हातच लावत नाहीत."

आत तांब्या थांबला.

हे खरं होतं. नीरजा त्याच कॉलेजात, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. ती सांगायची, दादाकडं वेताची लांब छडी आहे. हाड उचलायचं काम शिपायाचं. भिकन नावाचा शिपाई, बिडकीनकडचा, घरी मेंढरं. तो हाड धरून उभा राहायचा आणि दादा चार हातांवरून छडीनं दाखवायचा. "हा मानेचा मणका. माणूस घ्या, जिराफ घ्या, उंदीर घ्या, मानेत मणके सातच." उलटून दाखव म्हणलं की भिकनला वाटेल त्या बाजूनं तो उलटायचा. हाडाची खालची बाजू कशी असते हे भाऊजींनी पुस्तकातच पाहिलं होतं, आणि पुस्तकाचं पान उलटलं की तिथं दुसरंच हाड यायचं.

"हिमांशूला सांगा," भाऊजी आतून म्हणाले, "विटाळ हवेतूनही लागतो."

हवा तर बाई सगळ्यांनाच लागत होती, पण घंगाळ एकालाच.

त्याच उन्हाळ्यात कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं ठरवलं की प्राणिशास्त्राला एक विभागप्रमुख नेमायचा. कमिटी येणार, हाडांची खोली बघणार, मग ठरवणार. भाऊजींना ते पद इतकं पाहिजे होतं की झोपेतसुद्धा ते सही करायचे, चादरीवर, बोटानं. अडचण एकच होती. त्यांच्या दूध पाजणाऱ्यांच्या कपाटात सगळ्यात मोठं जनावर म्हणजे ससा. कमिटी ससा बघून काय खूश होणार? खोलीच्या मध्यात काहीतरी दांडगं, उभं, तारेनं जोडलेलं पाहिजे.

दुष्काळात हाडांना काय तोटा. रस्त्यानं जाल तिकडं गुरं पडलेली. गिधाडं एवढी माजली होती की उडायचं सोडून पायी फिरायची. पण भाऊजी म्हणाले, गाय-बैल नको. गोवंशाच्या हाडाला भोक पाडून तार ओवायची? ह्या घराण्याच्या हातून? म्हैस-रेडा नको, ते यमाचं वाहन, कामाची सुरुवात अशी नको. उंट कुठून आणणार. गाढव मांडलं तर पोरं कोणाचं नाव देतील हे त्यांनाच माहीत होतं. राहिला घोडा. राजबिंडं जनावर, युद्धात चालतं, वरातीत चालतं, कमिटीलाही चालेल. त्यांनी लगेच संस्थेला कळवून टाकलं की आमच्याकडं घोड्याचा पूर्ण सांगाडा उभा आहे. घोडा नंतर शोधायला लागले.

शोधायचं काम अर्थात भिकनचं. तो रोज रेल्वे स्टेशनसमोर टांग्यांच्या अड्ड्यावर जाऊन उभा राहायचा आणि एकेका घोड्याकडं बघायचा. घोडे वाळले होते, पण मरायला तयार नव्हते. चौथ्या-पाचव्या दिवशी एका म्हाताऱ्या टांगेवाल्यानं त्याला विचारलं, "क्या मियाँ, रोज आके मेरे घोड़े का मुँह देखते, मय्यत का रास्ता देख रहे क्या?" भिकन खरं बोलला. म्हणाला, आमच्या सरांना पायजे. टांगेवाल्यानं चाबूक काढला. म्हणे, पहले तुम्हारे सर को जोतता, बाद में देखेंगे.

त्यानंतर भिकन दोन-तीन आठवडे गावाकडं गेला तो बैलगाडीत पोती घालून आला. हाडं मुंग्यांनी आणि उन्हानं पांढरीशुभ्र केलेली. कॉलेजातल्या सुताराला हाताशी धरून त्यानं ती तारेनं जोडली, खाली लाकडाचा पाट ठोकला, मधून लोखंडी सळई घातली. भाऊजी दारात उभे राहिले. तिथूनच छडी फिरवली.

"कपाळावर हे दोन्हीकडं काय आलंय?"

"टेंगळं हायेत सर. लगाम लई जोरात वढला की येतात."

"कोणाचा घोडा?"

"पाटलाचा. लई नावाजलेला. खंडोबाच्या घोड्याची आण सर, घोडाच हाय."

खुद्द घोड्याचीच शपथ घातल्यावर भाऊजी काय शंका घेणार. त्यांनी सुंदर अक्षरात पाटी लिहिली, वर लॅटिन नाव, खाली मराठी, त्याखाली स्वतःचं, स्वतःचं जरा मोठं. त्या संध्याकाळी ते आंघोळ करताना मंत्राऐवजी पोवाडा म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी नीरजा कॉलेजातून आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरात. मी तांदूळ निवडत बसले होते.

"वहिनी, तो घोडा बैल आहे."

"हळू बोल. कशावरून?"

"वरच्या जबड्याला पुढचे दातच नाहीत. घोड्याला वर-खाली दोन्हीकडं असतात. गाईबैलाला वर नुसती हिरडी. आणि पाय बघा ना, खूर दुभंगलेला. घोड्याचं एकच बोट टेकतं, ह्याची दोन टेकलीत. बरगड्यासुद्धा तेरा जोड्या. घोड्याला अठरा पाहिजेत. आणि ती टेंगळं काय, शिंगं कापून कानशीनं घासलीत."

एवढं सगळं ती एका दमात बोलली. हुशार पोरगी, पण पुस्तकातलं दिसलं की ते जगाला सांगितल्याशिवाय तिचं अन्न पचायचं नाही. मी म्हणलं, हे दादाला सांगू नको. तिनं मान डोलावली, आणि जेवायला बसल्यावर पहिल्या घासालाच सांगितलं.

भाऊजींनी तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन दारातूनच छडीनं बरगड्या मोजल्या. उजवीकडून मोजल्या, डावीकडून मोजल्या. मग पुस्तक काढून पुस्तकातल्या मोजल्या. पुस्तकातल्या काही कमी होईनात.

संध्याकाळी आले ते तोंड पांढरं करून. ओट्यावरच बसले. माझ्याकडं बघून नाही, खांबाकडं बघून म्हणाले, "पाणी काढा. दोनदा."

त्या दिवसापासून तीन आंघोळी सुरू झाल्या. घोड्याच्या हाडाला एक आंघोळ पुरत होती, बैलाच्या हाडाला तीन लागायच्या, आल्यावर, जेवणाआधी आणि पहाटे. वर गोमूत्र. हाड तेच, खोली तीच, छडी तीच. नुसतं त्याचं नाव बदललं आणि माझ्या रांजणाचं बूड अर्ध्या दिवसात दिसायला लागलं. प्राण्याचं वर्गीकरण चुकलं तर काय होतं हे मला कोणी विचारावं. पोराला चार-चार दिवस अंगाला पाणी नाही. मांड्यांना आता पाणी सुटून ते कपड्याला चिकटायला लागलं होतं. मी खोबरेल लावायची, तो किंचाळायचा, आणि पलीकडून घंगाळात तांब्या बुडाल्याचा आवाज यायचा.

मी हिमांशूला म्हणलं, "काकांना विचार, बैल आहे तर काढून का टाकत नाहीत?"

"त्याला सांगा," भाऊजी म्हणाले, "कमिटी सोमवारी येणार. घोडा आहे असं मी कळवून बसलोय. नाही म्हणावं तर खोटा पडतो. बैल म्हणावं तर पापी ठरतो. ते आप्पासाहेब आहेत कमिटीचे अध्यक्ष, जुने संस्कृताचे प्राचार्य. बैलाच्या हाडात मी खिळे ठोकलेले त्यांनी पाहिले, तर प्रमुख सोडा, मला पंगतीला बसवणार नाहीत."

एवढा मोठा माणूस, रडकुंडीला आलेला. मला कीव यायला पाहिजे होती. पण खरं सांगते, मला त्यांच्या डोक्यावरून निथळणारं पाणीच तेवढं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी भिकन भाऊजींचा डबा न्यायला आला. मी डबा हातात धरूनच ठेवला.

"भिकन, खरं सांग. कोणाचा बैल?"

तो हसला. शरम वगैरे काही नाही. "आमच्या चुलत्याचा हाय बाई. गुरांच्या छावणीकडं नेताना वाटंत बसला, मंग उठलाच नाय. मी म्हणलं, हाडं ती हाडं. सरांना मोठं जनावर पायजे, हे बी मोठंच हाय."

"आणि खंडोबाची शपथ?"

"खंडोबाची कुठं घातली? त्याच्या घोड्याची घातली. घोडा काय येऊन बोलतोय व्हय." डबा घेऊन सायकलीला अडकवता अडकवता म्हणाला, "जित्ता व्हता तवा उन्हात नांगर वढला. आता कॉलेजात सावलीला उभा हाय. त्याचं तरी वाईट काय झालं?"

तो गेला आणि मी रांजणात वाकून बघितलं. तळाचा गाळ दिसायलाय. तेव्हा मी ठरवलं की हा बैल घोडा झाला पाहिजे, आणि भाऊजी विभागप्रमुख झाले पाहिजेत. कारण प्रमुखाला वेगळी खोली मिळते, टेबल मिळतं, घंटी मिळते. तो हाडांच्या खोलीत जात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉलेजात जायच्या आधी, भाऊजी पानावर बसले होते, अन्न चिवडत. नीरजा शेजारी. मी दाराआड, मांडीवर हिमांशू.

"हिमांशू," मी जरा मोठ्यानंच सुरू केलं, "रडू नको, तुला गोष्ट सांगते. माझे आजोबा खुलताबादेला कचेरीत कारकून होते, निजामाच्या वेळी. तेव्हा असाच दुष्काळ पडला होता, ह्याच्याहून मोठा. सात वर्षं. तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यावर एक घोड्यांची जात होती. गडचढे म्हणायचे त्यांना. साधा घोडा किल्ल्याच्या पायऱ्यांवर घसरतो ना? पण ह्यांचा खूर चिरलेला. तापल्या दगडावर चालून चालून पिढ्यान्‌पिढ्या तो उकलत गेला, आणि मग शेळीसारखी पायरीवर पकड बसायची. अंधाऱ्या वाटेनं डोळे मिटून वर जायचे, टपाल घेऊन."

भाऊजींचा घास हातातच राहिला.

"गवत तर नव्हतंच, बाळ. झाडाची साल ओरबाडून खायचे. त्यात वरचे पुढचे दात झिजले ते झिजलेच, पुढं पिलांना आलेच नाहीत. आणि पोट खपाटीला गेलेलं, त्याला अठरा बरगड्या काय करायच्या आहेत? मागच्या पाच जोड्या गळून गेल्या. तेरा राहिल्या."

नीरजाला ठसका लागला. मी तिला पाण्याचा घोट दिला, अर्धाच.

"हे कुठं लिहिलेलं आहे का, विचारा त्याला," भाऊजी म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ आला.

"लिहिलेलं कशाला पाहिजे, हिमांशू. आजोबा स्वतः बसले होते त्याच्यावर. दुपारी सावलीत बसला की रवंथसुद्धा करायचा, म्हणे. फार शांत घोडा. आणि कपाळाला दोन टेंगळं, जातिवंत असला की."

"दादा," नीरजा म्हणाली, "अरे, वहिनी काहीतरी..."

"तू गप्प बस," भाऊजी म्हणाले. "पुस्तकं लिहिणारे विलायतेत बसतात. दख्खनचा घोडा त्यांनी पाहिलाय का? परिस्थितीनुसार अवयव बदलतात, हे तर शास्त्रच आहे. ही स्थानिक पोटजात. हिची नोंदच झालेली नाही अजून." ते पानावरून उठले, उष्ट्या हातानं हवेत काहीतरी लिहिलं. मला वाटतं, जातीला स्वतःचं नाव देऊन बघत होते.

बुडणारा माणूस काडीचा आधार घेतो म्हणतात. हे तर बुडता बुडता काडीला लॅटिन नाव द्यायला लागले. पण त्या संध्याकाळी आंघोळ एकच झाली. उरलेल्या पाण्यात मी हिमांशूचे पाय तेवढे धुतले.

सोमवारी कमिटी आली. फराळ आमच्या घरचा, म्हणून मला आणि नीरजाला बेसनाचे लाडू आणि चिवडा घेऊन कॉलेजात जावं लागलं. हिमांशू कडेवर. आम्ही हाडांच्या खोलीच्या दाराशी थांबलो.

कमिटीत दोघं. आप्पासाहेब पुढं, धोतर, कोट, हातात छत्री, उन्हाळ्यात छत्री, आत आल्यावरही उघडी. म्हणे वरून पाल पडली तर. दुसरे साहेबराव, संस्थेच्याच जालन्याकडच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, शेतकऱ्या घरचे. मला ह्यांचीच भीती होती. ज्याच्या दावणीला बैल आहेत त्याला बैल कळणारच.

आप्पासाहेब सांगाड्यापासून चार हातांवर थांबले. भाऊजीही चार हातांवर. दोघं विद्वान, मधे बैल, आणि कोणाचा हात पुढं जात नाही.

"हा अश्व," भाऊजी म्हणाले. "साधा नव्हे. दुर्गारोही अश्व. दख्खनी पोटजात." आणि मग माझ्या आजोबांची सगळी गोष्ट त्यांनी मोठमोठ्या शब्दांत सांगितली. सात वर्षांच्या दुष्काळाची त्यांनी बारा वर्षं केली. माझ्या गोष्टीला ठिगळ लावलेलं मला आवडलं नाही.

साहेबराव गुडघ्यावर बसले. आधी पायाकडं बघितलं. मग वाकून तोंडाकडं. मग कपाळावरची दोन खुंटं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. भिकन खिडकीबाहेर बघायला लागला.

साहेबरावांनी खुराला हात लावायला बोटं पुढं केली.

"हां, हां, शिवू नका," आप्पासाहेब म्हणाले. "माझ्या शेजारी मोटारीत बसायचंय तुम्हाला. मग आंघोळ लागेल, आणि ह्या गावात पाणी कुठंय?"

साहेबरावांची बोटं थांबली. "शिवत नाय साहेब. पण मी म्हणतो, हा जो खूर हाय, हा मला..."

"गडचढा," आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी डोळे बारीक केले, मान मागं घेतली. साहेबरावांसारख्या शाळामास्तराला माहीत आहे आणि आपल्याला नाही, हे त्या वयात सोसत नसावं. "अहो, मी लहानपणी पैठणला पाहिलेत हे घोडे. पाहिलेत काय, बसलोय. अंगाला थोडा गाईसारखा वास यायचा. स्वभाव गरीब. श्रीधरपंत, तुम्ही मला माझं बालपण दाखवलंत." आणि साहेबरावांकडं वळून म्हणाले, "तुमच्याकडं नव्हते का? तुमच्या बढतीचा अर्ज आलाय ना आमच्याकडं, त्यात तुम्ही लिहिलंय की स्थानिक प्राण्यांचा अभ्यास आहे म्हणून."

साहेबराव उठले. गुडघ्याची धूळ झटकली. एकदा बैलाकडं बघितलं, बिचाऱ्यानं आयुष्यभर बैलच पाहिले होते.

"होते ना साहेब," ते म्हणाले. "आमच्या आज्याकडं जोडी होती."

घोड्यांची जोडी. नांगराला, मी मनात म्हणलं. नीरजानं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. भिकननं लाडवाचं ताट माझ्या हातातून घेतलं आणि सगळ्यांच्या आधी स्वतः एक उचलला.

कमिटीनं शेरा दिला की असा दुर्मिळ नमुना दुसऱ्या कॉलेजात नाही. तेही खरंच होतं. भाऊजी विभागप्रमुख झाले. बैल तिथंच राहिला, पाटीवर भाऊजींचं नाव अडकवून. पुढं कितीतरी वर्षं पोरांनी त्या बैलाकडं बघून घोडा काढला आणि पास झाली. नीरजानं परीक्षेत बैल लिहिलं, तिचे मार्क गेले. तिला मी आधीच सांगितलं होतं.

पण माझं काम अजून झालं नव्हतं. नेमणूक झाली त्या दिवशी संध्याकाळी भाऊजी हार घालून आले, शेजारपाजाऱ्यांना दिसावा म्हणून गल्लीतून दोनदा चालून आले, आणि दारात उभं राहून सवयीनं ओरडले, "पाणी काढा."

मी हिमांशूला घेऊन ओट्यावर आले. "हिमांशू, काकांना विचार. विभागप्रमुख हाडांच्या खोलीत जातात का रे?"

"छे," भाऊजी म्हणाले. "ते आता खालच्यांचं काम. मला वेगळी खोली दिलीय. पडदे आहेत."

"मग विटाळ कशाचा, बाळ? आंघोळ केलेली शेजाऱ्यांनी पाहिली, तर त्यांना वाटेल की काकांना अजून हाडंच उचलायला लावतात. नावाचे प्रमुख, म्हणतील."

भाऊजींच्या गळ्यातल्या झेंडूखाली घाम चालला होता, आणि खरं तर आंघोळीची गरज त्यांना आजच होती. एकदा न्हाणीकडं बघितलं. एकदा शेजारच्या ओट्याकडं बघितलं, तिथं बायका बसलेल्या. मग हार सरळ केला.

"नको," जरा मोठ्यानंच म्हणाले. "आजपासून संध्याकाळची आंघोळ बंद. प्रमुखाला नाही लागत."

काढून ठेवलेलं घंगाळ मी उचललं आणि ओट्यावर, त्यांच्यासमोरच, हिमांशूला पाठीला हात देऊन त्यात बसवलं. गळ्यापर्यंत पाणी. आधी तो घाबरला, मग दोन्ही हातांनी पाणी बडवायला लागला. सोललेल्या मांड्या पाण्यात फिक्या फिक्या झाल्या. मी घाई केली नाही. त्याच पाण्यात मग लंगोट धुतले, दुपटी धुतली, राहिलेल्या पाण्यात ओटा पुसला.

भाऊजी त्या उन्हाळ्यात संध्याकाळचे पुन्हा न्हायले नाहीत. आणि प्रमुखाला घाईघाईनं उठणं शोभत नाही, म्हणून पुढं सकाळचीही अधूनमधून बुडायला लागली. भिकन सांगायचा की सरांच्या खोलीत सही घ्यायला जायचं असेल तर आधी बाहेर उभं राहून वारं कुठून येतंय ते बघतो, मंग शिरतो.